बुधवारचे कुत्रेवाले

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कंपनीत होतो तेव्हा रोज शिफ्ट रिपोर्ट लिहायचो, हाताला सवय आहे. रिटायर झाल्यापासून लिहायला विषय नव्हता. आता आहे.

सुनंदाला, म्हणजे आमच्या हिला, पावसाळ्याच्या आधी अंबरनाथच्या 'आधारवेल' या होममध्ये ठेवलं. तात्पुरतं. दुपारी माझा डोळा लागला की ही दार उघडून चालायला लागायची. एकदा कुळगावच्या भाजी मार्केटात सापडली, एकदा उल्हास नदीच्या पुलावर. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. गंधारने, आमच्या मुलाने, बंगळूरहून फोनवरच सगळं ठरवून टाकलं. मी वाद घातला नाही, पण मला पटलेलं नाही. केमिकल फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल सांभाळलेला माणूस आहे मी. बॅच बिघडली तर कारण सापडतं, कारण सापडलं तर बॅच सुधारते.

काल यूट्यूबवर बघितलं. परदेशात अशा होममध्ये कुत्रे घेऊन जातात. महिनोन्‌महिने गप्प असलेल्या आज्या बोलायला लागतात. ॲनिमल थेरपी म्हणतात. सुनंदाच्या माहेरी कुत्रा होता. झालं, ठरलं. दिवाळीला सुनंदा घरी.

फक्त कुत्रा पाहिजे. मला कुत्रे आवडत नाहीत, पण तो मुद्दा गौण.

३ ऑगस्ट, रविवार

कुत्र्याची सोय झाली. आमच्या बिल्डिंगमागे धर्मेशचं घर आहे. बदलापूरच्या या हेंद्रेपाड्यातली मूळची माणसं. आमची बिल्डिंग त्यांच्याच भाताच्या शेतावर उभी आहे, हे त्याचे आजोबा जनूबाबा मला दर भेटीत ऐकवतात. आजही ऐकवलं.

त्यांच्या कुत्र्याचं नाव सरपंच. गावठी, तपकिरी, एक कान पडलेला. हा काम काय करतो असं विचारलं. जनूबाबा म्हणाले, "काय नाय करत. रस्त्यान मधी निजतं, गाऱ्या थांबवतं. म्हनून सरपंच."

धर्मेश म्हणाला, "न्या ना काका, बिनधास्त. त्याला पण चेंज. फक्त संध्याकाळी आणून सोडा, आईला तो दिसला नाही तर तिला जेवण जात नाही."

सरपंच हे नाव थेरपीसाठी योग्य नाही. मी प्रिन्स ठेवलं आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

ट्रेनिंग सुरू. सिट, कम, स्टे. प्रिन्स म्हटल्यावर तो मागे कुणी आलंय का बघतो. सिट आणि कम अजून कच्चं. स्टेमध्ये मात्र शंभर टक्के. पूर्ण वेळ झोपला होता.

६ ऑगस्ट, बुधवार

पहिली व्हिजिट. यशस्वी.

रिक्षाने गेलो. 'आधारवेल' शिवमंदिराच्या पुढे, शांत जागा. तिथल्या इनचार्ज ऋतिका मॅडम तरुण आहेत, पण शिस्तीच्या. लसीचे कागद बघितले, नखं बघितली, पट्टा घट्ट आहे का बघितलं. मग हॉलमध्ये सोडलं. दर बुधवारी दुपारी, चहा होईपर्यंत, असं ठरलं.

सुनंदा खिडकीशी बसली होती. मी कुत्र्याला दारातच 'स्टे' म्हणालो. तो तडक तिच्याकडे गेला आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकून उभा राहिला. ही कमांड मी दिली नव्हती, पण ट्रेनिंगचा परिणाम असा आतून होत असतो.

सुनंदाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बाळ्या, किती वाळलास रे."

बाळ्या म्हणजे माहेरचा कुत्रा. पूर्ण वाक्य. कर्ता, क्रियापद सगळं जागच्या जागी. मी पुढे होऊन 'सुनंदा' म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, शेजारच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाली, "या, बसा."

लग्नापासून ती मला अहो-जाहोच करते. म्हणजे ओळखलं.

गंधारला फोन केला. आई बोलली म्हणालो. तो म्हणाला, तुमच्याशी? मी म्हणालो, सगळ्यांशी.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज कुत्रा रिक्षातून उतरताच स्वतः आत गेला. मी मागून. हॉलमध्ये आण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत. उल्हासनगरला त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. घरचं कुणी ओळखू येत नाही, पण समोर आलेल्या प्रत्येकाच्या पँटची शिलाई ते बोटाने तपासतात. माझी तपासली. म्हणाले, "धागा हल्का है. माल वापस करो." ही पँट सुनंदानेच पसंत केली होती.

सुनंदा, आण्णा आणि बाळ्या (तिथे हेच नाव रूढ होतंय, मी तूर्त चालू दिलं आहे) खिडकीशी बसले. पंख्याचा वारा अडतो म्हणून बकुळाबाईंनी, म्हणजे तिथल्या मावशींनी, मला दाराजवळची खुर्ची दिली. निरीक्षणाला ती जागा उत्तम आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

लग्नाचा अल्बम नेला. व्हिडिओत सांगतात, जुने फोटो दाखवा. सुनंदाने मन लावून बघितले. म्हणाली, मुलगी गोड आहे, मुलाचे कान जरा बाहेर आलेत. मग विचारलं, "चांगलं झालं का पुढे त्यांचं?"

मी म्हणालो, हो, चांगलं झालं.

ती म्हणाली, "बरं."

निरीक्षणशक्ती शाबूत आहे. कान खरंच बाहेर आलेत.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. व्हिजिट नाही, मॅडमनी आधीच सांगितलं होतं, नातेवाईकांची गर्दी असते म्हणून. मीही नातेवाईकच आहे हे सुचायला उशीर झाला.

घरी छोटी मूर्ती आणली. आरतीला दुसरं कुणी नव्हतं, मोबाईलवर लावली. मध्येच जाहिरात लागली. ती संपेपर्यंत ताम्हण हातात धरून उभा राहिलो.

धर्मेशची आई, कमळाबाई, ताट घेऊन वर आल्या. त्यांच्या पाठोपाठ सरपंचही जिना चढून आला, सगळ्या खोल्या हुंगल्या, सुनंदाच्या कपाटापाशी थोडा थांबला आणि गेला. मी थांब म्हणालो होतो. स्टे पुन्हा घ्यायला हवं.

३ सप्टेंबर, बुधवार

ऋतिका मॅडमशी केबिनमध्ये बोललो. दिवाळीच्या डिस्चार्जची पूर्वकल्पना दिली. माझ्या अनुभवावर एखादं भाषण ठेवावं असंही सुचवलं, बाकीच्या होमनाही फायदा होईल.

त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, यात बरं होणं असं नसतं हो. तो आला की त्यांचा वेळ चांगला जातो. रात्री झोप पण नीट लागते. एवढंच असतं." मग विचारलं, "तुम्ही स्वतः जेवता ना वेळेवर?"

तरुण मुलगी आहे, अनुभव कमी. भाषणाचं नाही म्हणाल्या नाहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज प्रयोग केला. कुत्र्याशिवाय एकटाच गेलो. फॅक्टरीत याला ब्लँक टेस्ट म्हणायचो.

सुनंदाने माझ्या मागे बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. म्हणाली, बाळ्या कुठाय? मी म्हणालो, घरी आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही कशाला आलात उन्हातून?" आणि खिडकीकडे वळली.

आण्णांनी शिलाई तपासली. माल पुन्हा रिजेक्ट.

निष्कर्ष: कुत्रा हा कॅटॅलिस्ट आहे. रिॲक्शन माझ्याशीच होते, पण त्याच्याशिवाय सुरू होत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मोठी प्रगती. हॉलमध्ये एक नवीन बाई आल्या आहेत. सुनंदाने त्यांना माझी ओळख करून दिली. स्वतःहून. "हे कुत्रेवाले. दर वेळी येतात बिचारे. फार सज्जन आहेत."

संसारात मला तिने कधी सज्जन म्हटलेलं नाही.

तिने बिस्किटाचे तीन तुकडे केले. एक बाळ्याला, एक आण्णांना, एक स्वतः. मला काही वाटलं नाही. मधुमेह आहे मला.

सरपंचाला परत सोडायला उशीर झाला. धर्मेशला सांगितलं ट्रॅफिक होतं. ट्रॅफिक नव्हतं. आम्ही शिवमंदिराबाहेर वालधुनी नदीच्या बाजूला बसलो होतो. त्याला आजच्या व्हिजिटचा सगळा रिपोर्ट दिला. ऐकून घेतो. मध्ये बोलत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सुनंदाचा दिवस नीट नव्हता. सकाळपासून रडत होती. कुणाची तरी शाळा सुटली आणि त्याला आणायला कुणी गेलंच नाही, असं काहीतरी. बकुळाबाई थकल्या होत्या. मी समजावलं, गंधार मोठा झालाय, इंजिनिअर आहे, त्याचे केस पिकायला लागलेत. ती आणखीच रडली.

कुत्रा तिच्या पायावर जाऊन आडवा झाला. बस्स, आडवा झाला. तिला उठता येईना. मग ती वाकून त्याचा पडलेला कान सरळ करत बसली. तो पडायचा, ती उभा करायची. हळूहळू थांबली रडायची.

ही मेथड मी शिकवलेली नाही. लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. स्पेशल परवानगी काढून गेलो. आपट्याचं पान सुनंदाला दिलं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणालो. तिने छान हसून घेतलं आणि कुत्र्याच्या पट्ट्यात खोचलं.

रिक्षात येताना ते पडलं. मी खाली वाकून शोधलं, मिळालं. देवापाशी ठेवलंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गंधारचा फोन. पाडव्याला येतोय, एकटाच, एका दिवसासाठी. आई कशी आहे विचारलं. पंचाहत्तर टक्के म्हणालो. तो म्हणाला, म्हणजे नक्की काय, बाबा? मी म्हणालो, येशील तेव्हा बघशील. पाडव्याला ती घरी असेल, ओवाळेल.

तो म्हणाला, ठीक आहे.

संकल्प: १. दिवाणावर नवी चादर. २. तिची आमसुली साडी इस्त्रीला. ३. दाराला वरची कडी. ती लावणार नाही, पण असलेली बरी. ४. चकली बाहेरची आणणार, पण डबा घरचा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमनी एका दिवसाची परवानगी दिली. गोळ्या, वेळा, सगळं समजावलं. म्हणाल्या, "त्रास व्हायला लागला तर थांबू नका, लगेच घेऊन या. आणि बाळ्याला न्या बरोबर."

एक दिवस म्हणजे सुरुवात. एकदा घर बघितलं की तीच म्हणेल, मी इथेच राहते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सविस्तर लिहितो. त्यातून शिकायला मिळेल.

सकाळी गंधार आणि मी तिला आणायला गेलो. रिक्षात ती मध्ये, पायाशी कुत्रा. गंधारकडे बघून म्हणाली, उन्हात काम असतं का तुमचं, काळवंडलात. त्याने मान हलवली आणि बाहेर बघत बसला.

घरात आली. चपला बाहेर काढल्या, पाहुण्यासारख्या भिंतीशी नीट लावल्या. सोफ्याच्या कडेला बसली. मी म्हणालो, हे बघ, तुझं घर. ती म्हणाली, "छान ठेवलंय. कुणी ठेवलंय?" मी म्हणालो, तू. ती हसली. मी गंमत करतोय असं वाटलं तिला.

चकली खाल्ली. कडक आहे म्हणाली. बरोबर होतं, तिच्या कधीच इतक्या कडक नसायच्या. मी गंधारकडे बघितलं, म्हटलं, बघितलंस?

संध्याकाळी पाट मांडला. आमसुली साडी नेसवायला कमळाबाई आल्या होत्या. गंधारने निरांजन लावून ताम्हण तिच्या हातात दिलं. मी पाटावर बसलो, टोपी घातली. ती ताम्हण धरून उभी राहिली. हात आठवणीने फिरायला लागला. तेवढ्यात खाली कुणीतरी फटाक्यांची मोठी माळ लावली.

सरपंच दिवाणाखाली घुसला. मी त्याला इतका घाबरलेला कधी बघितला नव्हता, सगळा थरथरत होता. सुनंदाने ताम्हण माझ्याच हातात दिलं आणि जमिनीवर बसली, इस्त्रीच्या साडीसकट. हात आत घातला. "काही नाही रे बाळ्या. काही नाही. मी आहे ना इथे." असं किती वेळ. माझ्या हातात ताम्हण, डोक्यावर टोपी. तो आवाज मी ओळखतो. गंधारला लहानपणी ताप यायचा तेव्हाचा.

गंधार आतल्या खोलीत गेला.

फटाके थांबल्यावर तिने वर बघितलं. बाहेर अंधार पडला होता. तिच्या तोंडावर ती अस्वस्थता आली, जी आलेली मला कळते. उठली आणि दाराकडे गेली.

"चला, उशीर झाला," म्हणाली. "घरी जायला हवं. आण्णा जेवायचे थांबले असतील."

मी म्हणालो, सुनंदा, हेच घर.

"नाही हो." आता तिचा आवाज चढला. "तुम्ही चांगले आहात, पण मला सोडा. मला इथलं काही माहीत नाही."

मी दारात उभा राहिलो. वरची कडी माझ्या हाताशी होती. ती माझ्या बाजूने वाट काढायला बघत होती, पुन्हापुन्हा 'सोडा ना' म्हणत होती, आणि मी नुसता 'हेच घर, हेच घर' करत होतो. गंधार आतून आला. त्याने माझा हात कडीवरून खाली घेतला. म्हणाला, "बाबा, रिक्षा बघतो."

रिक्षात ती शांत झाली. 'आधारवेल'च्या गेटशी बकुळाबाई उभ्याच होत्या. सुनंदा उतरली, बाळ्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फार त्रास दिला तुम्हाला. बायकोला सांगा, चकली छान होती."

टोपी माझ्या डोक्यावर तशीच होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

गंधार गेला. जाण्याआधी त्याने दाराची वरची कडी स्क्रू ड्रायव्हरने काढली. मग म्हणाला, बाबा, चला माझ्याकडे. मी म्हणालो, बुधवारी ड्युटी असते. तो म्हणाला, तो कुत्रा आपला पण नाही, बाबा.

फटाक्यांमुळे प्रयोगाची स्थिती बिघडली होती. दोष मेथडचा नाही. नवं टार्गेट: गुढीपाडवा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गेलो नाही. सर्दी.

सर्दी नव्हती. दुपारी बेल वाजली. कमळाबाई दारात पट्टा धरून उभ्या. म्हणाल्या, "सकालपासून गेटशी बसलाय. बुधवार समजतो त्याला. तुमी कवा येताव बघतोय."

रिक्षा केली. उशिरा पोचलो, चहा झाला होता. बकुळाबाईंनी माझ्यासाठी चहा परत गरम केला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पंख्याची गरज नव्हती. बकुळाबाईंनी माझी खुर्ची दारातून उचलून खिडकीशी नेली. मी सांगितलं नव्हतं.

आण्णा झोपले होते. सरपंच सुनंदाच्या पायाशी. प्रश्न विचारायचे नाहीत, फोटो दाखवायचे नाहीत, असं मी येतानाच ठरवलं होतं. त्यामुळे बोलायला काही नव्हतं. बाहेर एक माणूस शिडी लावून दिवाळीचे कंदील उतरवत होता. आम्ही दोघांनी ते बघितलं. सगळे उतरवून झाले तरी बघत होतो.

मग तिने विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

बदलापूरला म्हणालो. हेंद्रेपाड्यात.

"लांबून येता." थोड्या वेळाने म्हणाली, "घरी कोण असतं?"

खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलून तिला घाबरवायचंही नव्हतं. म्हणालो, बायको आहे.

"कशा आहेत?"

म्हणालो, चांगली आहे. कुणी रडलं, घाबरलं, की तिला लगेच कळतं.

ती ऐकत होती. तिला त्या बाईबद्दल ऐकायला आवडलं असावं. तिने हात पुढे केला आणि माझ्या हातावर थोपटलं, दोनदा, जसं ती सरपंचाला थोपटते. मी हात हलवला नाही.

मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, "मग इथे कशाला बसलात एवढा वेळ? निघा आता. वाट बघत असतील त्या."

मी म्हणालो, हो.

निघालो. आज मंदिरापाशी थांबलो नाही. सरपंचाला धर्मेशकडे सोडलं. कुलूप काढून आत आलो तेव्हा बाहेर अजून चांगला उजेड होता.